सरकारी खरेदीचे नियम बदलतात तेव्हा: मुंबईतल्या छोट्या पुरवठादाराने तयारी कशी करावी

साकीनाका, मरोळ, भांडुप, रबाळे, वसई इथल्या गाळ्यांतून सरकारी कार्यालयांना माल पुरवणारे कितीतरी लघुउद्योजक आहेत. त्यांच्या हातून निसटलेल्या निविदा पाहिल्या तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माल चांगला असतो, दरही नीट असतो, पण दराचं पाकीट उघडलंच जात नाही. तांत्रिक छाननीतच निविदा बाद होते. घोषणापत्र जुन्या नमुन्यात असतं, उद्यम नोंदणीत, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीत, व्यवसायाचा प्रकार चुकलेला असतो, नाहीतर स्थानिक मूल्याची, म्हणजे मालाच्या किमतीतल्या देशी वाट्याची, टक्केवारी अंदाजाने टाकलेली असते.

गेल्या काही वर्षांत या खरेदीचे नियम फार बदलले. केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मध्ये नव्याने आले आणि नंतर त्यांत अनेक दुरुस्त्या झाल्या. 'मेक इन इंडिया'चा खरेदी प्राधान्य आदेश २०१७, २०२० आणि २०२४ मध्ये बदलत गेला. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या (एमएसएमई) व्याख्या १ एप्रिल २०२५ पासून बदलल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. निविदा निघाल्यावर हातात दोन-तीन आठवडे असतात आणि तेवढ्यात हे सगळं जुळवणं अशक्य आहे. म्हणून हातात एकही निविदा नसते त्या महिन्यांत करायची ही तयारी आहे.

पहिली पायरी: कुणाचा नियम लागू होतो ते ठरवा

परळला केईएम आणि टाटा मेमोरियल ही दोन रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत आणि तिथून भायखळ्याचं जेजे फार लांब नाही. तिन्हींना एकच खाट, एकच ट्रॉली, एकच ऑटोक्लेव्ह विकता येतो, पण नियम तीन वेगळे लागतात. केईएम महापालिकेचं, जेजे राज्य शासनाचं आणि टाटा मेमोरियल केंद्राच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतलं. एकीकडे चाललेला कागद दुसरीकडे चालेलच असं अजिबात नाही.

म्हणून आधी एक वही करा, नाहीतर एक्सेलची शीट. गेल्या तीन वर्षांत ज्यांना माल दिला किंवा ज्यांच्याकडे निविदा भरली, त्या सगळ्या कार्यालयांची नावं एका रकान्यात लिहा. शेजारी तीन गोष्टी लिहा: ते केंद्राचं, राज्याचं की पालिकेचं, खरेदी कुठल्या पोर्टलवर होते, आणि कोणती खरेदी नियमावली लागू होते.

केंद्राच्या खात्यांना सर्वसाधारण वित्तीय नियम आणि अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाच्या नियमपुस्तिका लागू होतात; वस्तू खरेदीची सुधारित पुस्तिका २०२४ ची आहे. माझगाव डॉक, भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम, चेंबूरची आरसीएफ हे केंद्रीय सार्वजनिक उपक्रम आहेत. त्यांची स्वतःची खरेदी नियमावली असते, पण सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीचा २०१२ चा आदेश आणि मेक इन इंडियाचा आदेश त्यांनाही पाळावा लागतो. रेल्वेची बरीचशी खरेदी आयआरईपीएस या त्यांच्या स्वतःच्या पोर्टलवर चालते आणि सुरक्षेशी संबंधित मालासाठी आधी मान्यताप्राप्त पुरवठादारांच्या यादीत यावं लागतं.

राज्य शासनाच्या कार्यालयांसाठी उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा शासन निर्णय आणि त्यासोबतची खरेदी नियमपुस्तिका हा पाया आहे. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत, त्यामुळे कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली जुनी पीडीएफ वापरू नका. राज्याच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर उद्योग विभाग निवडून ताजी प्रत काढा आणि तिचा संगणक संकेतांक वहीत लिहून ठेवा. पुढे कुणाशी पत्रव्यवहार करताना तो उपयोगी पडतो.

महापालिकेची रीत आणखी वेगळी. तिथे पाकीट 'अ', 'ब' आणि 'क' अशी विभागणी असते आणि कुठला कागद कुठल्या पाकिटात टाकायचा हे निविदेत लिहिलेलं असतं. दराचा मागमूस देणारा कागद पहिल्या दोन पाकिटांत गेला, तर निविदा तिथेच संपते.

दुसरी पायरी: उद्यम प्रमाणपत्र डोळ्यांत तेल घालून वाचा

बहुतेकांकडे उद्यम प्रमाणपत्र असतं. ते शेवटचं कधी वाचलं, असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. आता वाचायला हवं, कारण वर्गवारीच्या मर्यादा वाढल्या आहेत. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाला यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत चालते. लघुउद्योगाला २५ कोटी गुंतवणूक आणि १०० कोटी उलाढाल, मध्यम उद्योगाला १२५ कोटी आणि ५०० कोटी. आधी लघुउद्योगाची मर्यादा १० कोटी आणि ५० कोटी होती. उलाढाल ७० कोटींवर गेली म्हणून जे 'मध्यम' झाले होते, ते गुंतवणूकही मर्यादेत असेल तर पुन्हा 'लघु'त बसू शकतात. फरक मोठा आहे, कारण केंद्राच्या खरेदी आदेशातल्या सवलती फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहेत, मध्यमला नाहीत.

उलाढाल मोजताना निर्यात वगळली जाते. आणि वाढ होऊन वरच्या वर्गात गेलात तरी करेतर सवलती तीन वर्षं चालू राहतात, अशी तरतूद ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली आहे. ती पुष्कळांना ठाऊकच नसते.

यानंतर त्याच प्रमाणपत्रावरचा व्यवसायाचा प्रकार पाहा. मस्जिद बंदर, नागदेवी, लोहार चाळ इथले बरेच व्यापारी उद्यम नोंदणी दाखवून बयाणा रकमेची (निविदेसोबत भरायच्या अनामतीची) सूट मागतात आणि बाद होतात. व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. सरकारी खरेदीतलं प्राधान्य आणि उशिरा मिळालेल्या पैशावरचं व्याज हे फायदे त्यात येत नाहीत. तुम्ही खरोखर उत्पादन करत असाल आणि प्रमाणपत्रावर 'ट्रेडिंग' पडलं असेल, तर आज दुरुस्त करा. जो माल विकता त्याचा एनआयसी संकेतांक (उद्योगाचा प्रकार सांगणारा क्रमांक) प्रमाणपत्रावर आहे का, तेही बघा. पत्रे वाकवण्याचा संकेतांक घेऊन रुग्णालयाच्या खाटांची निविदा भरली, तर छाननी करणारा अधिकारी प्रश्न विचारणारच आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही.

पात्र असाल तर काय मिळतं? केंद्राची खाती आणि उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिला उद्योजकांसाठी. निविदेचे कागद मोफत, बयाणा रक्कम माफ. आणि किमतीतलं प्राधान्य, ज्याकडे पुढे येतो. घरच्या महिलेच्या नावावर उद्योग फक्त कागदोपत्री दाखवण्याचा सल्ला देणारे भेटतील. तो मार्ग धरू नका. मालकी आणि निर्णय खरोखर तिच्याकडे असतील, तरच तो दावा करा.

तिसरी पायरी: स्थानिक मूल्याचा हिशेब पुराव्यासकट करा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. सध्याच्या नियमांत इतकं निसरडं दुसरं काही नाही, आणि चुकीच्या घोषणेची शिक्षा दोन वर्षांपर्यंतची बंदी असू शकते.

आदेश असा आहे: ज्या मालात स्थानिक मूल्य ५० टक्के किंवा जास्त, तो पुरवठादार 'वर्ग १', २० ते ५० टक्क्यांच्या मधला 'वर्ग २', २० टक्क्यांहून कमी असेल तर 'बिगर-स्थानिक'. काही मालांसाठी संबंधित मंत्रालयांनी याहून वेगळ्या टक्केवाऱ्या ठरवल्या आहेत, म्हणून आपल्या मालाची टक्केवारी आधी तपासा. खरेदीतलं प्राधान्य वर्ग १ ला मिळतं. २०० कोटींपर्यंतच्या खरेदीत सहसा जागतिक निविदा काढता येत नाही, त्यामुळे बिगर-स्थानिक पुरवठादाराला बहुतेक ठिकाणी दारच बंद असतं.

हिशेब कसा करायचा? मालाच्या किमतीतून देशांतर्गत अप्रत्यक्ष कर वगळा. उरलेल्या रकमेतून आयात भागांची किंमत, सीमाशुल्कासकट, वजा करा. जे उरतं त्याची एकूण किमतीशी टक्केवारी काढा.

समजा तुम्ही एक नियंत्रण पॅनेल करता आणि करांशिवाय त्याची किंमत १,००० रुपये आहे. त्यात ४३० रुपयांचा ड्राइव्ह तुम्ही स्वतः आयात केला. उरले ५७०, म्हणजे ५७ टक्के, म्हणजे वर्ग १. पण याच पॅनेलमध्ये १४० रुपयांचे सेन्सर आहेत आणि ते तुम्ही लोहार चाळीतल्या वितरकाकडून घेतले. बिल मुंबईचं, जीएसटी महाराष्ट्राचा, म्हणून तुम्ही ते देशी धरले. सेन्सर मुळात परदेशात बनलेले असतील तर ते आयातच. १९ जुलै २०२४ च्या सुधारित आदेशाने हे स्पष्ट केलं आहे की देशातल्या विक्रेत्याकडून घेतलेला आयात माल स्थानिक मूल्यात धरता येत नाही. आता आयात झाली ५७० आणि स्थानिक मूल्य ४३ टक्के. तुम्ही वर्ग २ मध्ये आलात. तुम्ही मात्र वर्ग १ ची सही करून बसला आहात.

परदेशी कंपनीला दिलेली रॉयल्टी, परवाना शुल्क, तिथून घेतलेलं तांत्रिक साहाय्य हेही स्थानिक मूल्यात येत नाही. बाहेरून आलेल्या मालावर आपलं लेबल लावलं किंवा खोका बदलला, तर तो देशी होत नाही. आयात माल विकताना वाहतूक, विमा, बसवणी, प्रशिक्षण यांचा खर्च दाखवून टक्केवारी वाढवण्याचा प्रयत्नही मान्य होत नाही.

१० कोटींपर्यंतच्या खरेदीत स्वतःचं घोषणापत्र पुरतं. त्यावरच्या रकमेला लेखापरीक्षकाचं किंवा सनदी अथवा परिव्यय लेखापालाचं प्रमाणपत्र लागतं. स्वतःच्या घोषणापत्रातही टक्केवारीबरोबर मूल्यवर्धन कुठे झालं तो पत्ता लिहायचा असतो. 'भारतात' किंवा 'मुंबई' एवढंच लिहू नका. गाळा क्रमांक, औद्योगिक वसाहत, पिनकोड लिहा. सीएच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर यूडीआयएन, म्हणजे त्या प्रमाणपत्राचा पडताळणी क्रमांक, असायलाच हवा. तो नसलेलं प्रमाणपत्र पोर्टलवर पडताळता येत नाही आणि बाद होतं.

माझा आग्रह असा: प्रत्येक विक्रीयोग्य मालासाठी एक हिशेबपत्र करून ठेवा. प्रत्येक भाग, त्याची किंमत, तो कुठून आला, मूळ देश कुठला आणि पुरावा कोणता. दर सहा महिन्यांनी ते तपासा, कारण डॉलर वर गेला की देशी भागाला हात न लावताही तुमची टक्केवारी खाली येते. ५१-५२ टक्क्यांवर उभे असाल तर ही शंका नेहमी मनात ठेवा आणि आयात भागाला देशी पर्याय आत्ताच शोधायला लागा.

चौथी पायरी: तुमच्या पुरवठादारांनाही तयार करा

वरचा हिशेब तुमच्या एकट्याच्या हातात नाही. रबाळ्याचा कास्टिंगवाला, वसईचा पावडर कोटिंगवाला, लोहार चाळीचा वितरक यांच्याकडून कागद आले नाहीत तर तुमचं घोषणापत्र पोकळ राहतं. त्यांना अजून हे नियम कुणी सांगितलेले नसतात. ते तुम्हीच सांगायला हवेत.

प्रत्येकाला एक साधं पत्र द्या, मराठीत किंवा हिंदीत. त्यात तीनच गोष्टी मागा: मालाचा मूळ देश लिहिलेलं घोषणापत्र, उद्यम प्रमाणपत्राची प्रत आणि आयात माल असेल तर मूळ देशाचा पुरावा. वितरक आयातीचे कागद दाखवायला का-कू करतो, कारण त्यात त्याची खरेदी किंमत दिसते. किंमत झाकून प्रत द्या म्हणा. ती मागणी रास्त आहे. तरीही देत नसेल तर तो भाग आयात धरून हिशेब करा आणि जिथे पुरावा मिळतो तिथे खरेदी वळवा.

शेजारी देशांशी संबंधित नियमही इथेच येतो. भारताच्या भूसीमेला लागून असलेल्या देशातला निविदाधारक असेल, तर त्याने सक्षम प्राधिकरणाकडे नोंदणी केलेली असावी, असा आदेश २३ जुलै २०२० ला आला आणि २३ फेब्रुवारी २०२३ ला तो सुधारून पुन्हा काढला गेला. राज्यांच्या खरेदीलाही तो लागू आहे. तुमचा कारखाना अंधेरीचा असला तरी घोषणापत्र द्यावंच लागतं. भागीदारीत किंवा भागभांडवलात अशा देशातला कुणी असेल, किंवा तंत्रज्ञान तिथून घेतलं असेल, तर घोषणेचा मजकूर बदलतो. २०२० च्या नमुन्यावर सही करून तीच प्रत वर्षानुवर्षं जोडणारे बरेच आहेत. निविदेत दिलेला नमुना शब्दशः नव्याने टाइप करा.

दुसऱ्याचा माल विकत असाल, तर उत्पादकाचं अधिकारपत्र निविदेच्या नावाने आणि क्रमांकाने घ्या. 'सर्व सरकारी कार्यालयांसाठी' असं मोघम पत्र अनेक ठिकाणी चालत नाही.

पाचवी पायरी: ठेवींसाठी पैसे बाजूला काढा

बयाणा रक्कम माफ झाली म्हणजे सुरक्षा ठेवही माफ झाली, हा गैरसमज सगळीकडे आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांना सूट बयाणा रकमेची आहे. काम मिळाल्यावर कामगिरी सुरक्षा ठेव भरावीच लागते. जानेवारी २०२४ पासून केंद्राच्या वस्तू खरेदीत ती साधारण कराराच्या ३ ते ५ टक्के असते. आधीचा नियम ५ ते १० टक्क्यांचा होता. ८० लाखांचं काम मिळालं तर २ लाख ४० हजार ते ४ लाख रुपये किंवा तेवढ्याची बँक गॅरंटी तयार हवी. बँक गॅरंटीसाठी मार्जिन, तारण, मंजुरी यांत दिवस जातात, म्हणून बँकेशी मर्यादा आधीच ठरवून घ्या. फेब्रुवारी २०२२ पासून केंद्रीय खरेदीत विमा कंपनीचा शुअरिटी बाँडही (हमीपत्रही) चालतो. तारण ठेवायला जागा नसलेल्यांनी तो पर्याय तपासावा.

राज्य आणि पालिकेच्या निविदांत केंद्राची सूट आपोआप मिळते असं धरू नका. त्या निविदेतलं वाक्य वाचा. सूट लिहिलेली नसेल तर पैसे भरा आणि सवलतीची मागणी निविदापूर्व बैठकीत मांडा. अंदाजपत्रकी दराच्या फार खाली दर टाकला तर जादा अनामत मागणाऱ्या निविदाही असतात. दर ठरवण्याआधीच ती अट शोधा.

सहावी पायरी: पोर्टल आणि डिजिटल सही

इथे थोडक्यात, कारण हे सरावाने येतं. वर्ग ३ ची डिजिटल सही घ्या, सही आणि एन्क्रिप्शन दोन्हीसाठी. ती संपण्याची तारीख दिनदर्शिकेवर महिनाभर आधी मांडून ठेवा. सही मालकाच्या नावाची आणि टोकन कुणा एजंटाच्या ड्रॉवरमध्ये, अशी अवस्था असेल तर टोकन आज परत आणा. ती तुमची कायदेशीर सही आहे.

महाटेंडर्सवर राज्याच्या आणि पालिकेच्याही निविदा येतात. तिथे दराची एक्सेल फाइल जशी उतरवली त्याच नावाने परत चढवा. नाव बदललं तर ती स्वीकारली जात नाही. सगळे कागद चढवल्यावर 'फ्रीझ बिड' केल्याशिवाय निविदा दाखल होत नाही. पावती उतरवून ठेवा. मुदत संपेपर्यंत निविदा सुधारून पुन्हा भरता येते, म्हणून दोन दिवस आधी भरून मोकळे व्हा आणि नंतर शुद्धिपत्रक येतंय का ते रोज पाहा. मुदतवाढीबरोबर अटही बदललेली असू शकते.

जेम या केंद्राच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर ५० हजारांपर्यंत थेट खरेदी होते. त्यापुढे १० लाखांपर्यंत तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या मालाची तुलना करून सर्वांत कमी दराने, आणि १० लाखांवर बोली किंवा रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे दर उतरवत नेण्याचा ऑनलाइन लिलाव. छोट्या कारखानदाराला पहिल्या दोन गटांत चांगली संधी आहे, पण त्यासाठी मालाची यादी, छायाचित्रं, तांत्रिक तपशील आणि साठा अद्ययावत हवा. साठा दाखवला आणि ऑर्डर आल्यावर नाकारली, तर मानांकन घसरतं. ऑगस्ट २०२४ पासून १० लाखांपर्यंतच्या ऑर्डरवर जेमचं व्यवहार शुल्क नाही. त्यावर १० कोटींपर्यंत ०.३० टक्के आहे, ते दरात धरा.

सातवी पायरी: दर आणि प्राधान्य

सूक्ष्म-लघु उद्योगाला किमतीतलं प्राधान्य म्हणजे जास्त दराने माल विकण्याचा परवाना नव्हे. सर्वांत कमी दर एखाद्या मोठ्या कंपनीचा १०० रुपये आहे आणि तुमचा ११४. तुम्ही सर्वांत कमी दराच्या वरच्या १५ टक्क्यांच्या पट्ट्यात आहात, म्हणून तुम्हाला विचारलं जाईल: १०० रुपयांना द्याल का? हो म्हणालात तर किमान २५ टक्के माल तुमचा. म्हणजे शेवटी १०० रुपयांतच तो बसवायचा आहे. ११४ लिहिताना १०० ला तोटा होतो की नाही, हे आधी माहीत हवं. मेक इन इंडियाच्या आदेशात हा पट्टा २० टक्क्यांचा आहे आणि विभागता येणाऱ्या मालात निम्म्या मालाची संधी मिळते. दोन्ही आदेश एकाच वेळी लागू होतात तेव्हा क्रम कसा लावायचा याच्या सूचना निविदेत असतात. त्या समजल्या नाहीत तर निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा. तोंडी उत्तरावर दर ठरवू नका.

रिव्हर्स ऑक्शनमध्ये काही वेळा सुरुवातीला सर्वांत चढा दर देणाऱ्याला आधीच बाहेर काढतात. 'पुढे उतरू' या विचाराने पहिला दर फुगवून ठेवणाऱ्याला मग उतरायची संधीच मिळत नाही.

जीएसटीचा मुद्दा ताजा आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. त्यातला बराच माल ५ आणि १८ टक्क्यांत आला. जुन्या करारात दर करासहित लिहिला असेल, तर वैधानिक बदलाचं कलम शोधा. कर कमी झाला तर फायदा सहसा खरेदीदाराला द्यावा लागतो. कर वाढला आणि पुरवठा तुमच्यामुळे लांबला असेल, तर वाढ सहसा तुमच्या माथी येते. नव्या निविदेत मूळ दर आणि कर वेगळे लिहिता येत असतील तर वेगळेच लिहा. अडीच लाखांवरच्या करारांत सरकारी खाती २ टक्के जीएसटी टीडीएस कापतात. ती रक्कम जीएसटी पोर्टलवर तुम्ही स्वीकारल्याशिवाय तुमच्या रोख खात्यात येत नाही. वर्षभर ती न पाहणारे कितीतरी आहेत.

आठवी पायरी: पैसे वेळेत मिळावेत म्हणून पहिल्या दिवसापासून कागद

छोटा पुरवठादार सर्वांत जास्त मोडतो तो अडकलेल्या पैशामुळे. एमएसएमई कायदा २००६ त्याच्या बाजूने आहे. करारात मुदत लिहिली असली तरी ती ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लिहिलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. बँक दर ६ टक्के धरला तर १८ टक्के. हा हक्क सूक्ष्म आणि लघु उत्पादक-सेवा उद्योगांचा आहे आणि सरकारी खरेदीदारालाही तो लागू आहे.

हा हक्क सिद्ध करायचा तो तारखांनी. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी आक्षेप घेतला नाही, तर माल स्वीकारला असं मानलं जातं. म्हणून माल पोचवल्याच्या चलनावर तारीख, सही, शिक्का आणि घेणाऱ्याचं नाव असल्याशिवाय गाडी परत आणू नका. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. नोंदणी करारापूर्वीची असावी. नंतर केलेल्या नोंदणीच्या आधारे व्याज मागण्यावरून न्यायालयांत मोठे वाद झाले आहेत. जेमवर माल पोचल्यावर सीआरएसी (माल मिळाल्याचं आणि स्वीकारल्याचं प्रमाणपत्र) तयार होतं आणि पैशाची मुदत तिथून चालते, म्हणून ते निघालं की नाही याचा पाठपुरावा सातव्या-आठव्या दिवशीच सुरू करा.

केंद्रीय उपक्रमांना माल देत असाल तर ट्रेड्सवर, म्हणजे बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचांवर, नोंदणी करा. आरएक्सआयएल, एम१एक्स्चेंज, इन्व्हॉइसमार्ट ही त्यातली नावं. २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना आणि केंद्रीय उपक्रमांना तिथे येणं बंधनकारक झालं आहे. खरेदीदाराने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, पैसे तुम्हाला लगेच मिळतात आणि पुढे खरेदीदाराने बँकेचे पैसे बुडवले तरी बँक तुमच्या मागे येत नाही. फक्त खरेदीदाराने बिल मान्य करायला हवं, म्हणून करार होतानाच 'बिलं ट्रेड्सवर स्वीकाराल ना?' हे लेखी विचारून घ्या.

आणि तरीही पैसे आले नाहीत तर? आधी संबंधित लेखा अधिकाऱ्याला बिलनिहाय तक्ता जोडून पत्र द्या: चलनाची तारीख, मानीव स्वीकृतीची तारीख, देय तारीख, मूळ रक्कम, आजवरचं व्याज. पत्राची पोच घ्या. बरेच अडकलेले पैसे इथेच सुटतात, कारण व्याजाचा आकडा कागदावर दिसला की फाइल वरच्या टेबलावर जाते. न सुटल्यास सूक्ष्म व लघु उद्योग सुकरता परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. खरेदी आदेश, चलन, बिल, पत्राची पोच आणि कराराच्या दिवशी लागू असलेलं उद्यम प्रमाणपत्र, हे पाच कागद त्या अर्जाला जोडा आणि प्रत्येकावर आपल्या बिलाचा क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवा, म्हणजे सुनावणीत शोधाशोध होणार नाही.